ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात मधपेट्यांची निगा

ग्वाल्हेर आणि चंबळ खोऱ्यात मधाचा मुख्य हंगाम मोहरीचा. मुरैना, भिंड आणि ग्वाल्हेर जिल्ह्यांतील शेते डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पिवळी असतात आणि पेट्यांतला बहुतेक मध त्याच दिवसांत साठतो. मोहरी सरली की शिसम, कडुनिंब आणि करंज फुलतात. चाऱ्यासाठी पेरलेली बरसीम बियाण्यासाठी राखली, तर एप्रिल-मेमध्ये तिच्यावरही माश्या भरपूर जातात. हा उन्हाळी हंगाम मात्र आखूड असतो. मे महिन्यात फुले आटतात, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेकडून लू वाहू लागते. घराच्या परसात पेट्या ठेवणाऱ्याला त्यामुळे दोन कामे सांभाळावी लागतात: थोडा मध काढणे आणि वसाहत पावसाळ्यापर्यंत धडधाकट राखणे. यातले दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे.

या भागात पेटीत पाळली जाते ती मुख्यतः युरोपीय माशी, म्हणजे एपिस मेलिफेरा. ती भारतात १९६२ मध्ये तत्कालीन पंजाबात यशस्वीपणे रुजली आणि तेथून उत्तरेच्या मैदानी प्रदेशात पसरली. फुलोरी आणि आग्या या देशी माश्याही ग्वाल्हेरच्या परिसरात दिसतात, पण त्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. पेटीत राहत नाहीत.

सावली आणि हवा

अंडी-अळ्यांच्या पोळ्याभोवती माश्या सुमारे ३४ ते ३५ अंश तापमान राखतात. बाहेर ऊन वाढले की कामकरी माश्या पाण्याचे थेंब आणून पोळ्याच्या घरांत पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाण्याची वाफ होते आणि पेटी थंड होते. उन्हात तापलेल्या पेटीत नव्या पोळ्याचे मेण मऊ पडते आणि मधाने जड झालेले पोळे चौकटीतून तुटून खाली येते.

म्हणून पेटी कडुनिंबासारख्या दाट झाडाखाली किंवा गवताच्या छपराखाली ठेवावी. तोंड पूर्वेकडे असावे, म्हणजे सकाळी माश्या लवकर कामाला लागतात आणि लू थेट दारात शिरत नाही. पश्चिमेच्या बाजूला तट्ट्या किंवा गोणपाटाचा आडोसा करावा. झाकणावर ओले गोणपाट पसरल्यास दुपार सुसह्य होते. मात्र हवा खेळण्याच्या फटी झाकल्या जाऊ नयेत. मोहरीच्या दिवसांत उन्हात ठेवलेली पेटी सावलीत न्यायची असेल, तर रोज दोन-तीन फूटच सरकवावी. एकदम लांब हलवली, तर चारा घेऊन परतणाऱ्या माश्या जुन्या जागेवरच घोटाळत राहतात.

संध्याकाळी दाराबाहेर माश्यांचा झुपका लोंबताना दिसला, तर वसाहत उठून जाणार असे लगेच समजू नये. आतला उकाडा कमी करण्यासाठीही माश्या बाहेर येऊन बसतात.

पाणी

पाणी पेटीपासून जवळ आणि रोज हवे. पसरट परातीत खडे किंवा काड्या टाकाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पहिल्या दिवसापासून परात एकाच ठिकाणी असावी. एकदा शेजाऱ्याच्या नळाची किंवा कूलरची वाट सापडली की माश्या ती सहजासहजी सोडत नाहीत आणि तक्रारी सुरू होतात.

तपासणी आणि मध काढणे

पेटी सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी उघडावी आणि काही मिनिटांत बंद करावी. राणी अंडी घालते आहे का, पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची नवी घरे बांधली आहेत का आणि मधासाठी रिकामी जागा आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. शिसम आणि करंज फुलले असताना जागा कमी पडत असेल, तर वर मधकोठी चढवावी. दाटी झालेली वसाहत दोन भागांत विभागली जाते आणि अर्ध्या माश्या जुन्या राणीबरोबर निघून जातात.

चौकटीतील किमान दोन-तृतीयांश घरे मेणाने बंद झाल्यावरच मध काढावा. बंद न झालेल्या घरांतील मधात पाणी जास्त असते आणि तो आंबतो. भारतीय मानकांनुसार मधातील पाणी २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. मध वरच्या कोठीतलाच घ्यावा. खालच्या, अंडी-अळ्यांच्या कोठीतल्या मधाला हात लावू नये. शेवटची काढणी फुले संपण्याआधी उरकावी आणि माश्यांसाठी दोन-तीन चौकटी मध राखावा. काढलेला मध गाळून सावलीत, घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवावा. उष्णतेने त्याचा रंग आणि प्रत बिघडते.

टंचाईचे महिने

जून महिन्यात रिकाम्या मधकोठ्या उतरवाव्यात आणि पेटीचे तोंड आखडावे. राखलेला मध संपत आला, तर एक किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवून तो पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. पाक बाहेर सांडला, तर इतर पेट्यांच्या माश्या लूट करायला येतात आणि त्यात दुबळी वसाहत संपते. दुबळ्या वसाहती वेळीच एकत्र केल्या, तर त्या वाचण्याची शक्यता वाढते.

माश्यांनी न व्यापलेल्या पोळ्यांत मेणकिडा लवकर शिरतो. म्हणून अशी पोळी पेटीत ठेवू नयेत. मुंग्यांसाठी तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. वेडा राघू आणि गांधीलमाश्या दारावरच शिकार करतात, त्यामुळे या दिवसांत रोज नजर हवी. वरोआ या तांबड्या कोळीवर्गीय परजीवीच्या बंदोबस्तासाठी फॉर्मिक आम्ल वापरतात, पण कडक उन्हात त्याची वाफ अळ्यांना आणि राणीला घातक ठरते; उपचार कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच करावा. आसपासच्या भाजीपाल्यावर कीटकनाशक फवारायचे असेल, तर ते सूर्यास्तानंतर फवारावे, अशी विनंती शेजाऱ्यांना आधीच करून ठेवावी.

उन्हाळी काढणीतून हाती येणारा मध थोडाच असतो. या महिन्यांची खरी कमाई ऑक्टोबरमध्ये दिसते: ज्या पेटीत तेव्हा तरुण राणी आणि माश्यांनी भरलेल्या आठ-दहा चौकटी असतात, तीच पेटी मोहरीचा मध भरते. ग्वाल्हेरमध्ये पेटी ठेवू इच्छिणाऱ्याने म्हणूनच मधयंत्र विकत घेण्याआधी सावली आणि पाण्याची सोय करावी.