नव्या घरातील पहिले पाहुणे

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुका भातखाचरे, आंबा-काजूच्या बागा आणि लांबलचक पुळणी यांसाठी ख्यात आहे. मुरुड, कर्दे, लाडघर या किनाऱ्यावरील गावांकडे सुटीच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडील कुटुंबे मोठ्या संख्येने येतात. ही संधी ओळखून कोकणातील अनेक बागायतदारांनी आपल्याच वाडीत दोन-तीन खोल्यांचे टुमदार घर उभारून ते पाहुण्यांना मुक्कामासाठी भाड्याने देण्याचा जोडधंदा पत्करला आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून या धंद्यास अधिकृत स्थानही प्राप्त झाले आहे.

जांभ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, कौले चढली, रंग लागला, म्हणजे घर तयार झाले असे वाटते. परंतु घर बांधून होणे आणि ते परक्या माणसाच्या मुक्कामास सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशा घरात कुटुंबाची अनेक वर्षांची बचत आणि बहुधा कर्जाचीही रक्कम गुंतलेली असते. पहिले पाहुणे संतुष्ट होऊन गेले तर ते आणखी चौघांना धाडतात. नाराज होऊन गेले तर त्यांचा अभिप्राय मोबाईलवरून त्याच दिवशी दूरवर पोहोचतो. म्हणून पहिल्या पाहुण्यांच्या आगमनाची तयारी पेरणीच्या तयारीइतकीच काळजीपूर्वक करावयास हवी.

पहिले आमंत्रण केव्हा द्यावे?

मे महिन्यात मागणी सर्वांत अधिक असते, म्हणून अनेकांचा कल त्याच महिन्यात आरंभ करण्याकडे असतो. परंतु नेमक्या त्याच वेळी आंब्याची काढणी, प्रतवारी व पेट्या भरणे यांत घरातील प्रत्येक हात गुंतलेला असतो. शिवाय पावसापूर्वीची शाकारणी आणि खाचरांची कामे समोर उभी असतात. अशा धांदलीत पाहुण्यांकडे लक्ष देता येत नाही आणि आंब्याकडेही दुर्लक्ष होते. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी-झोडणी चालू असते.

याउलट मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आरंभास सोयीचे होत. भात घरात आलेले असते, हवा थंड व कोरडी असते, धुतलेल्या चादरी उन्हात चटकन वाळतात. मोहोरावरील फवारणी तेवढी सांभाळावी लागते, व ज्या दिवशी फवारणी असेल त्या दिवशी बागेत पाहुणे असू नयेत हा नियम कटाक्षाने पाळावा. आरंभी एका वेळी एकाच कुटुंबास बोलवावे. हात बसल्यावर संख्या वाढविता येते.

घराची परीक्षा घरच्यांनी घ्यावी

पहिले पाहुणे येण्यापूर्वी घरातील दोघा-तिघांनी नव्या घरात पाहुण्यांप्रमाणे एक रात्र काढावी. आपल्या जुन्या घरातून एकही वस्तू आणावयाची नाही, असे ठरवून राहावे. मग अनेक उणिवा आपोआप उघड होतात. दिव्याची कळ अंथरुणापासून दूर आहे, न्हाणीघरात कपडे टांगण्यास खुंटी नाही, दाराची कडी आतून घट्ट बसत नाही, खिडकीस जाळी नसल्याने डास येतात, पहाटे नळास पाणी नाही, या गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. वयस्क माणसास पायरी उतरताना आधार मिळतो की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

वीज गेल्यास काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. प्रत्येक खोलीत विजेरी असावी व ती चालते याची खात्री करावी. प्रत्येक खाटेस चादरी-अभ्र्यांचे तीन संच असावेत: एक अंथरलेला, एक धुण्यात व एक कपाटात.

पाणी, संडास आणि रात्रीची वाट

पाहुणा घराची शोभा विसरेल, पण दूषित पाण्याने झालेला आजार विसरणार नाही. संडासाची टाकी अथवा शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा. पिण्याच्या साठवण टाकीतील १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम या प्रमाणात ताजी ब्लिचिंग पावडर वापरावी. ती प्रथम बादलीभर पाण्यात कालवून निवळू द्यावी, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि किमान अर्धा तास गेल्यावरच ते पाणी वापरास घ्यावे. विहिरीच्या पाण्याची तपासणी ग्रामपंचायत अथवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यामार्फत पाहुणे येण्यापूर्वीच करून घ्यावी.

कोकणात फुरसे व विंचू यांचे भय असते. घराभोवतीचे गवत, पालापाचोळा, चिऱ्यांचे व लाकडांचे ढीग हलवावेत आणि अंगणापासून दारापर्यंतची वाट रात्री उजेडात राहील असे करावे. अंधारात अनवाणी फिरू नये, हे पाहुण्यांना सौम्य शब्दांत सांगावे. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्यामुळे वेळेवर दवाखाना गाठणाऱ्या अनेकांचे प्राण वाचले आहेत. तेव्हा मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णास कोठे न्यावयाचे, वाहन कोणाचे मिळेल, हे दाराच्या आतील बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

समुद्राविषयीही असेच. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, ही गोष्ट किनाऱ्यावरील मुलासही ठाऊक असते, पण शहरातील पाहुण्यास नसते. त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ आणि पोहण्यास धोक्याची जागा त्यास आल्याबरोबर सांगावी.

सोळा ताटांचा हिशेब

धंद्याचा विचार करताना बांधकामाचा खर्च सर्व जण मांडतात. घरातील स्त्रियांचे श्रम मात्र हिशेबात येत नाहीत. समजा, चार जणांचे कुटुंब शनिवारी दुपारी जेवणास आले व सोमवारी सकाळी न्याहारी करून निघाले. या दोन रात्रींच्या मुक्कामात दोन वेळची दोन दिवसांची मिळून १६ ताटे, ८ न्याहाऱ्या आणि सकाळ-संध्याकाळचे १६ कप चहा होतात. याखेरीज झाडलोट, भांडी व चादरींचे धुणे असते. हे सर्व काम घरच्या नेहमीच्या रांधपावर व गोठ्याच्या कामावर पडते.

हा भार एकट्या गृहिणीवर टाकला तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस पाहुणा येणार म्हणताच घरात कुरबूर सुरू होते, आणि जेथे घरची माणसे थकलेली असतात तेथे पाहुण्यालाही अवघडल्यासारखे होते. म्हणून जेवणाच्या दरात स्वयंपाकाची मजुरी वेगळी धरावी व ती स्वयंपाक करणारीच्या हाती द्यावी. शेजारच्या एखाद्या बाईस, अथवा गावातील बचत गटास, धुणे-भांडी वा भाकऱ्यांचे काम दिल्यास मिळकतीचा वाटा गावातही पसरतो. पाहुण्यांना केव्हा बोलवावयाचे व केव्हा नाही, या निर्णयात घरच्या स्त्रीचा शब्द प्रमाण मानावा.

पाहुणे शाकाहारी आहेत की मासे खाणारे, तिखट चालते की नाही, लहान मूल किंवा पथ्याचा माणूस आहे काय, हे आधी विचारून घ्यावे. शहरी पदार्थांची नक्कल करण्यात हशील नाही. घावन, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, ऋतूप्रमाणे फणसाची भाजी आणि सोलकढी हे पदार्थ पाहुण्यास नवे असतात आणि बरेचसे जिन्नस घरच्याच शेतीतून येतात.

स्वागत आणि शब्दाचे मोल

दारी आलेल्यास गूळपाणी देण्याची आपली जुनी रीत आहे. हार-तुरे व भाषणे यांपेक्षा ती पुरेशी आहे. प्रवासातून आलेल्या माणसास प्रथम पाणी, मग विसावा आणि त्यानंतर घर दाखविणे, असा क्रम ठेवावा. पाहुण्यांच्या खोलीत वारंवार डोकावू नये; हाक मारल्यास ऐकू येईल इतक्या अंतरावर असावे. शेत पाहण्याची इच्छा असल्यास कलम कसे बांधतात, खाचरात पाणी कसे धरतात हे दाखवावे, आग्रह मात्र करू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, जे देता येत नाही ते सांगू नये. समुद्र चालत वीस मिनिटांच्या अंतरावर असेल तर ‘समुद्रालगत’ म्हणू नये. उन्हाळ्यात पाणी बेताचे असेल, मोबाईलला नीट संपर्क मिळत नसेल, तर ते आधीच कळवावे. खरी अडचण ठाऊक असून आलेला पाहुणा ती आनंदाने सोसतो. फसवणूक झाली असे वाटल्यास पंचपक्वान्नांनीही त्याचे समाधान होत नाही. दर, जेवणाचे पैसे व येणे रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे सारे लेखी असावे.

नोंद आणि निरोप

घर सुरू करण्यापूर्वी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात नोंदणीसंबंधी चौकशी करावी. मोबदला घेऊन जेवण पुरवावयाचे असल्यास अन्नसुरक्षा कायदा, २००६ अन्वये नोंदणीही लागते. प्रत्येक पाहुण्याचे नाव, पत्ता, ओळखपत्र व आगमनाची वेळ वहीत टिपावी. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत संबंधित नोंदणी अधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे.

निरोपाच्या वेळी पावती द्यावी आणि कोणती गोष्ट कमी पडली हे मोकळेपणाने विचारावे. तोंडावर दोष सांगण्यास माणूस संकोचतो, म्हणून एक वही ठेवलेली बरी. पाहुणे गेल्यावर त्याच संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून जमाखर्च मांडावा व वहीतील सूचना वाचाव्यात. पहिल्या खेपेस नफा किती झाला यापेक्षा दुसऱ्या खेपेपूर्वी काय दुरुस्त करावयाचे, हे कळणे अधिक मोलाचे आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा कुटुंबास नोंदणीचे कागद, पाण्याची तपासणी आणि हिशेबाची वही या तीन बाबतींत साहाय्य करावे. आंब्यास एखाद्या वर्षी मोहोर धरत नाही, भातास अवकाळी पाऊस झोडपतो. अशा वर्षी पाहुण्यांचे घर शेतकऱ्यास आधार देऊ शकते. मात्र हा जोडधंदा शेतीच्या जोडीला शोभतो, तिच्या जागी नव्हे. शेत नीट राखले तरच पाहुण्यास येथे येण्याचे कारण उरते.