ठेकेदार गायब झाला तरी भरपाई बुडत नाही. एलएनजी टर्मिनलवरच्या जखमी कामगाराला कायदा काय देतो?

गुहागर : अंजनवेलजवळच्या एलएनजी टर्मिनलसारख्या ठिकाणी रंगकाम, वेल्डिंग, परांची बांधणं ही कामं बहुतेक ठेकेदाराची माणसं करतात. असा माणूस जखमी झाला की घरचे आधी ठेकेदाराला फोन लावतात. त्यानं उचलला नाही की 'आता कोण देणार?' म्हणून गप्प बसतात. इथंच चुकतं.

टर्मिनलवरचा वायू उणे 162 अंशांपर्यंत गार करून द्रवरूप केलेला असतो. तो अंगावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी जाते. बंद जागेत गळती झाली तर ऑक्सिजन कमी होऊन माणूस गुदमरतो. परांचीवरून पडणं, पाइप पायावर येणं हे तर कुठल्याही साइटवर आहेच. अपघात कसाही असो, काम करताना आणि कामामुळे झाला असेल तर भरपाईचा हक्क आहे. मालकाची चूक होती हे दाखवावं लागत नाही. 'हेल्मेट मुद्दाम घातलं नाही' ही सबब मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही.

ठेकेदाराचा मुद्दा महत्त्वाचा. काम कंपनीच्या आवारात आणि तिच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल, तर दावा थेट मुख्य कंपनीवर करता येतो. कंपनी नंतर ठेकेदाराकडून वसूल करो, ती त्यांची भानगड.

रक्कम पगार आणि वयावर ठरते. समजा, 30 वर्षांच्या कामगाराला महिना 15 हजार पगार आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराचे 60 टक्के, म्हणजे 9 हजार, गुणिले त्या वयाचा आकडा 207.98. होतात 18 लाख 71 हजार 820 रुपये. नुसता अंगठा गेला तर त्याच्या 30 टक्के, म्हणजे साडेपाच लाखांच्या वर. 'पन्नास हजार घे आणि सही कर' म्हणणाऱ्याला हा हिशेब चांगला माहीत असतो. हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यापुढे टिकत नाही, तरी कोऱ्या कागदावर सही करूच नये. मृत्यूची भरपाई तर परस्पर हातात देताच येत नाही, ती भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर वाट वेगळी. उपचार आणि अपंगत्वाचे पैसे ईएसआयकडून मिळतात, मग त्याच दुखापतीसाठी मालकाकडे हा दावा करता येत नाही.

1923 चा भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा. तो कामगार राहतो त्या भागातही दाखल होतो, त्यामुळे परजिल्ह्यातल्या माणसाला गुहागरला खेटे घालायची गरज नाही. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, वर दंडही होऊ शकतो.

अपघाताची लेखी खबर लगेच द्यावी आणि तिची पोच घ्यावी. गेटपास, हजेरी, पगार जमा झालेलं पासबुक, दवाखान्याचा केसपेपर, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. गेटपास बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी काढून घेतात. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मिळतो, औद्योगिक कामगारांना त्याचा हक्क आहे. हेल्पलाइन 15100.