राणी परत गेली, तेव्हापासून…

गेल्या गणपतीत मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत कॅरमची स्पर्धा होती. राणी घेतली, पण कव्हरची सोंगटी कट मारताना भोकाशेजारी फ्रेमला धडकली. राणी परत मध्ये आणि सामना हातचा गेला! तेव्हापासून दुपारची कामं आटोपली की बोर्ड खाली उतरतो. समोर सासूबाई.

सोंगटीच्या ज्या बिंदूला धक्का द्यायचा, नेमका तिथेच मी नेम धरायचे. सासूबाई म्हणाल्या, “अगं, स्ट्रायकर म्हणजे काय सुईचं टोक आहे?” खरंच की! स्ट्रायकरचा व्यास ४.१३ सेंटिमीटरपर्यंत, सोंगटीचा तीनहून थोडा जास्त. स्ट्रायकरचा मध्य त्या बिंदूकडे सोडला, तर त्याची कड आधीच लागते आणि सोंगटी पुरेशी वळत नाही. त्यांची रीत वेगळी. भोकाच्या रेषेत, सोंगटीला मागून चिकटलेला एक खोटा स्ट्रायकर मनात बसवायचा आणि त्याच्या मध्यावर नेम धरायचा. पूल खेळणारेही असाच खोटा चेंडू धरतात.

एकाच जागी सोंगटी ठेवून दोन्ही रीतींनी वीस-वीस वेळा मारलं. माझ्या रीतीने सात गेल्या, त्यांच्या रीतीने तेरा. सोंगटी अगदी सरळ रेषेत असली तर मात्र दोन्ही सारख्याच. रिबाउंडला अजून बोट अडखळतं, ते वेगळं.

यंदा सासूबाईंनीही नाव दिलंय. पहिल्याच फेरीत समोर आल्या तर?