मेंढ्याचा बांबू

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना लेखा लागतं. मेंढा त्याच्या शेजारी. शंभरेक घरांचं हे गोंडांचं गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे राज्यभर गाजलं. घोषणा झकास आहे. पण गावाची खरी ताकद ग्रामसभेच्या बैठकीत आहे. इथं मतदान होत नाही. एकाचाही विरोध असला की विषय पुढच्या बैठकीवर जातो. कारभार वेळखाऊ, यात शंका नाही. मात्र हरलेला गटच उरत नसल्यानं ठरलेलं मोडायला सहसा कोणी धजत नाही. निर्णयाआधी माहिती गोळा करायला अभ्यासगट बसतात. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही सवय रुजवली.

शेती भाताची, बाकी मिळकत जंगलाची: उन्हाळ्यात मोहफूल नि तेंदूपत्ता, पाऊस सरला की बांबू. खरा पैसा बांबूत. पण तो वर्षानुवर्षं पट्ट्यानं कागद कारखान्याला जायचा आणि गावकरी तोडीवर मजूर.

2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज ठरवलं. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्कही मिळाला. तरी बांबू विकता येईना! 1927 च्या वन अधिनियमात बांबू झाडांत मोडत होता, आणि माल जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना, म्हणजे ‘टीपी’, लागतो. त्याचं पुस्तक वनखात्याच्या हाती होतं. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते ग्रामसभेकडे सोपवलं. दिसायला साधं पावतीपुस्तक: माल कोणता, किती, कुठून कुठे. पण त्यावर सही कोणाची, यावरच मालकी ठरते.

विकायचा हक्क आला तशी राखायची जबाबदारीही आली. बांबू तोडताना त्या वर्षीचे कोवळे वासे सोडायचे, जुनेच काढायचे. कोयता जमिनीलगतच्या पेराच्या जरा वर मारायचा. खुंटाच्या पोकळीत पाणी साचलं तर बेट कुजतं. मजुरीच्या घाईत हे कोण पाहणार? आता बेट गावाचं आहे.

 

सामूहिक वनहक्काचे पट्टे आज गडचिरोलीत शेकडो गावांकडे आहेत. अशा गावात गेलात तर पट्ट्याच्या कागदावर समाधान मानू नका. टीपीवर सही कोण करतं आणि बांबूचे पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात, एवढं विचारा.