खोडलेल्या अक्षराचा माग

१८८४ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने वीस डॉलरची सोन्याची नाणी पाडली ती अवघी ७१, आणि तीही सगळी ‘प्रूफ’, म्हणजे खास संग्राहकांसाठी. ठसे आणि कोरी चकती दोन्ही घासून लखलखीत करायची, मग जोरकस दाब द्यायचा. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी चमकते आणि स्वातंत्र्यदेवीचा चेहरा मंद, दुधी दिसतो.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत अशी नऊ लाखांवर साधी नाणी निघाली. फरक मुख्यतः गरुडाखालच्या इवल्याशा ‘एस’चा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या खुणेचा. तो खरवडला, वर पॉलिश मारलं, की लबाडी तयार! इथे तराजू कामाचा नाही. वजन ३३.४३६ ग्रॅमच भरणार, नव्वद टक्के सोनंही खरंच. पाण्यात तोललं तरी घनता १७.२च्या आसपास येणार. म्हणून माझा भरवसा भिंगावर. पॉलिशने अक्षरांच्या कडा बोथट होतात, अस्सल प्रूफवर त्या धारदार असतात. ‘एस’च्या जागी धातूचा पोत बिघडलेला दिसतो. शिवाय अस्सल प्रूफ सोन्याच्या चकाकीत बहुधा संत्र्याच्या सालीसारखी बारीक लहर असते. ती घासून आणता येत नाही.

असं नाणं हाती आलं तर कृपा करून पुसू नका. मऊ कापडाचेही ओरखडे त्यावर कायमचे उमटतात.