विश्लेषण : कारची ‘पॉवर सीट’ अडली, म्हणजे मोटरच गेली का?

महागड्या गाड्यांपुरती असलेली पॉवर सीट आता मध्यम किमतीच्या एसयूव्हींमध्येही मिळते. मात्र ती अडली की अनेकदा थेट मोटर बदलण्याचा सल्ला मिळतो. खरा बिघाड कुठे आहे, हे ओळखायचे कसे?

एका सीटमध्ये किती मोटर?
जाहिरातीतल्या ‘८-वे’मधील प्रत्येक ‘वे’ म्हणजे एक दिशा. पुढे-मागे अशा दिशांच्या एका जोडीला साधारणपणे एक मोटर लागते. त्यामुळे ८-वे सीटमध्ये सहसा ४ मोटर असतात.

एकच मोटर दोन्ही दिशांना कशी फिरते?
ही १२ व्होल्टची डीसी मोटर असते. विजेची दिशा बदलली की तिची फिरण्याची दिशा बदलते. साध्या पॉवर सीटमध्ये मोटरला वीज देणाऱ्या दोनच वायर असतात. बटण दाबलेले नसताना दोन्ही वायर स्विचमधून अर्थला जोडलेल्या असतात. ‘पुढे’ दाबले की एका वायरला बॅटरीचा प्लस मिळतो, दुसरी अर्थलाच राहते. ‘मागे’ दाबले की नेमके उलट होते. मोटरचा वेग गिअर कमी करतात आणि ताकद वाढवतात. बटण सोडल्यावर वर्म गिअरमुळे सीट आपोआप सरकत नाही.

बिघाड कसा ओळखायचा?
• सीटची एकही हालचाल होत नाही : चारही मोटर एकदम जळण्याची शक्यता कमी. आधी फ्यूज, मुख्य कनेक्टर आणि अर्थची वायर तपासा.
• सीट पुढे जाते, मागे येत नाही : दोन्ही दिशांना मोटर आणि वायर त्याच असतात. त्यामुळे मोटर सहसा ठीक असते. रुळात काही अडकले नसेल, तर संशय स्विचवर घ्या.
• आवाज येतो, सीट हलत नाही : गिअर किंवा त्याला फिरवणारी केबल पाहा.
• सीट फार हळू सरकते : रुळातील कचरा, सुकलेले ग्रीस किंवा कमी व्होल्टेज हे कारण असू शकते.

‘मेमरी’ सीटचे काय?
तिच्यात सेन्सर मोटरचे फेरे मोजतो आणि कंट्रोल युनिट जागा लक्षात ठेवते. बटणही बहुधा या युनिटला फक्त संदेश देते. त्यामुळे तपासणीसाठी स्कॅनर लागतो.

काय टाळावे?
सीट टोकाला पोहोचल्यावर बटण दाबून धरू नका. अडलेली मोटर कित्येक पट जास्त करंट ओढते. तिला वाचवण्यासाठीच सर्किट ब्रेकर असतो. फ्यूज उडाला तर जास्त अँपिअरचा लावू नका, वायर तापून आग लागू शकते. सीटखालचे पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात. त्यांना स्वतः हात लावू नका.

गॅरेजमध्ये ‘मोटर गेली’ असे ऐकलेत, तर एकच विचारा, ‘मोटरच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का?’ बटण दाबल्यावर दोन वायरमध्ये १२ व्होल्ट मिळूनही मोटर गप्प असेल, तरच ती बदलण्याचा विचार करा.