ब्लॉक लिस्टमधल्या माणसाचं काय करायचं?

तुमच्या फोनमधली ब्लॉक लिस्ट एकदा उघडून बघा. एक्स, प्रोजेक्टमध्ये टांग देणारा ग्रुपमेट, घराच्या वाटणीवरून भांडलेले काका... आणि आपल्या लाइनवर तर रोज नवे शत्रू मिळतात. चौथ्या सीटवरून, दिव्याला दार अडवण्यावरून. आता या सगळ्यांवर प्रेम करा असं कुणी सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, ‘डोकं फिरलंय का?’

येशूनं नेमकं हेच मागितलंय. मत्तयच्या शुभवर्तमानातले पाच ते सात हे अध्याय ‘डोंगरावरचं प्रवचन’ म्हणून ओळखले जातात. आपल्यावर प्रेम करणाऱ्यांवर प्रेम तर सगळेच करतात, त्यात विशेष काय, असा त्यातला बिनतोड सवाल आहे.

या प्रवचनानं ज्याचं आयुष्य बदललं, असा एक माणूस लहानपणी कल्याणच्या शाळेत शिकला होता. कवी ना. वा. टिळक. १८९३च्या सुमारास रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. सुरुवातीची पानं त्यांनी कशीबशी वाचली, पण या प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरी परीक्षा घरात

नातेवाईक तुटले, समाज तुटला. पत्नी लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांच्यावर तर आभाळच कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाई नगरला राहायला आल्या, तेव्हा टिळकांनी त्यांच्यावर आपला धर्म लादला नाही. त्यांचं सोवळंओवळं सांभाळू दिलं.

पण मोठी उडी लक्ष्मीबाईंची. ज्यांच्या हातचं पाणीही चालत नव्हतं, त्यांच्यातच आता राहायचं होतं. विचार करता करता त्यांना उमगलं की जात देवानं नाही, माणसानं केली. मग कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००चा. म्हणजे आधी मन बदललं, धर्म नंतर.

लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलंत तर आणखी एक गंमत कळेल. त्यात टिळक संत म्हणून येत नाहीत. त्यांचा रागीट स्वभाव बाईंनी अजिबात लपवलेला नाही. प्रवचन पाठ झालं म्हणून राग जात नाही. त्याला वर्षं लागतात. याच टिळकांनी १९१७मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती.

मग आपण काय करायचं?

एक गोष्ट क्लिअर करू. शत्रूवर प्रेम म्हणजे गपचूप सहन करणं नव्हे. कुणी छळत असेल तर तक्रार करा, बिनधास्त ब्लॉक ठेवा. मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’ आहे. समोरचा आवडो न आवडो, त्याचं भलं चिंतायचं, असं त्यात अभिप्रेत आहे.

येशूनं पहिली पायरीही सांगितलीय : छळणाऱ्यासाठी प्रार्थना करा. प्रार्थना तुमचा प्रांत नसेल, तर त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. त्याची केटी लागली तर पार्टी करू नका. जमेल तेव्हा नोट्स पाठवा.

अनब्लॉक करायचं की नाही, ते नंतर बघू.